मनालीचं गाऱ्हाणं

मला माणसं मोजायची खोड आहे. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, देवळाच्या रांगेत माझे डोळे आपोआप एक, दोन, तीन करत फिरायला लागतात. भाच्याच्या मुंजीत मी अंगणातली मुलं तीनदा मोजली, तिन्ही वेळा एक कमी भरला, आणि मी घाबरीघुबरी होऊन सगळ्यांना विचारत सुटले. तो कमी पडणारा मुलगा म्हणजे खुद्द बटू होता, आत आईच्या पानात जेवत बसलेला. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची मुलं नेण्या-आणण्याचं काम केलं की असं होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, खोड काही गेली नाही.

माझं काम काय, हे सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. रत्नागिरीतल्या एका लहानशा संस्थेत मी तरुणांची नेतृत्व शिबिरं घ्यायचे. 'नेतृत्व' म्हटलं की लोकांना निवडणूक आठवते, 'शिबिर' म्हटलं की डोळे तपासणी. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "ती मोठ्या मुलांचे खेळ घेते." ते अगदीच खोटं नव्हतं.

अठरा ते पंचविशीतली पंचवीस-तीस मुलंमुली आठ दिवस एकत्र राहतात. दोरखंड, खडू, जुनी वर्तमानपत्रं आणि चिठ्ठ्या एवढंच आमचं सामान. रोज सकाळी चिठ्ठी काढायची. जिचं नाव येईल ती आजची नेता. पाणी कधी भरायचं इथपासून भांडण कसं मिटवायचं इथपर्यंत सगळं त्या दिवशी तिनं बघायचं, आणि बाहेरच्या माणसांपुढे गटाच्या वतीनं तिनंच बोलायचं. संध्याकाळी सगळे गोल करून बसतात आणि दिवसभरात कुणाला काय वाटलं ते सांगतात. खरं शिकणं त्या गोलात होतं, खेळ हे निमित्त.

यात प्रशिक्षकाला एकच काम असतं, गप्प बसण्याचं, आणि ते महाकठीण असतं. मुलं समोर चुकत असतात, उत्तर आपल्या जिभेवर असतं, आणि ते गिळायचं. मी त्यासाठी सुपारी वापरायचे. गट कुठे अडला की गालात रोठा सुपारीचं खांड ठेवायचं आणि ते चघळून संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सुपारी गुहागरची, चांगली टणक. सहकारी चिडवायचे, ताईंचा पगार सुपारीत जातो म्हणून.

या पद्धतीनं माणसं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. खेडचा एक मुलगा शिबिरात चार दिवस एक अक्षर बोलला नाही. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "पंखा जरा कमी करा." आम्ही टाळ्या वाजवल्या. आज त्याचं खेडच्या बाजारात दुकान आहे आणि व्यापाऱ्यांच्या सभेत त्याला हाताला धरून खाली बसवावं लागतं, असं ऐकते. अशा गोष्टी मी सगळ्यांना सांगत असते. मनालीची गोष्ट मात्र मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

शेवटची काही वर्षं आम्ही दुसऱ्या राज्यातल्या मुलांना बोलवायचो. अर्धी आपली, अर्धी त्यांची. एकदा लडाखची मुलं आली होती, त्यातली एक मुलगी गुहागरच्या वाळूत उभी राहून रडायला लागली. समुद्राच्या पलीकडे काहीच दिसत नाही, डोंगर नाही, काही नाही, याची तिला भीती वाटत होती. शिबिराचे शेवटचे दोन दिवस ही पाहुणी मुलं एखाद्या गावात, लोकांच्या घरी राहायची. ते दोन दिवस मला अन्न गोड लागायचं नाही. कुणाच्या घशात काटा अडकेल, कुणाला विंचू चावेल, कुणी विहिरीवर वाकून बघेल, कुणी कुणाच्या देवघरात चप्पल घालून जाईल. या सगळ्या काळज्या मी आधी वहीत क्रमांक घालून लिहायचे, म्हणजे एकही सुटायला नको. त्या वर्षी वहीत एकोणचाळीस काळज्या होत्या. जे घडलं ते त्यांत नव्हतं.

त्या वर्षी नागालँडची बारा मुलंमुली आली होती. त्यांची म्होरकी आरेनला, चोवीस वर्षांची, कमी बोलणारी आणि सगळं टिपणारी. मुक्काम पालीच्या पुढे, आत एका गावात ठरला होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मनाली त्याच गावची, वीस वर्षांची, एसटीनं रोज रत्नागिरीला कॉलेजला येणारी. तीन शिबिरं केलेली, आमची हुकमी पोरगी. बाप मुंबईला रखवालदाराच्या नोकरीत, इथे आई आणि ती दोघीच. बचत गटातल्या बायकांशी बोलून तिनंच सहा घरं ठरवली होती, प्रत्येक घरी दोन पाहुणे.

गावात गेलं की आधी ग्रामदेवीच्या देवळात जायचं. तिथे पाहुण्यांसाठी गाऱ्हाणं घालतात. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्यानं केलेलं मागणं. एक माणूस मागतो आणि दर मागण्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. पाहुणी मुलं ख्रिस्ती, त्यामुळे ही माझी काळजी क्रमांक चार होती. मी आदल्या दिवशी आरेनलाला विचारलं, तुम्हाला चालेल ना, नाहीतर बाहेर थांबा. त्यांनी आपापसात बोलून घेतलं. मग ती म्हणाली, "आंटी, कोई हमारे लिए दुआ माँग रहा है। हम चुप कैसे रहेंगे?" मग आम्ही शिबिराच्या हॉलमध्ये "व्हय म्हाराजा"चा सराव केला. त्यांचा आवाज एकदम खणखणीत लागायचा.

त्या दिवशीची चिठ्ठी मनालीच्या नावाची निघाली. मला वाटलं, काय योग आहे बघा.

दुपारी चारच्या सुमाराला आम्ही देवळात पोचलो. सभामंडपात तीस-चाळीस माणसं होती. पुढे तात्या उभे. तात्या म्हणजे गावकार, गावचे वंशपरंपरेचे मुख्य मानकरी. सत्तरीचे, शिडशिडीत, पांढरी टोपी. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. गुरवानं दिवा लावला, घंटा झाली आणि सगळं शांत झालं. तात्या हात जोडून उभे राहिले, पण बोलेनात. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

आता, हे सगळ्या गावाला माहीत होतं की गावकार आपणहून सुरू करत नाही. ज्यानं पाहुणे आणले त्यानं म्हणायचं असतं, "तात्या, गाऱ्हाणं घाला." मनाली लहानपणापासून हे बघत आली होती, पण म्हणणारा नेहमी कुणीतरी मोठा पुरुष असायचा, त्यामुळे ही विनंती आज आपण करायची आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिला दुसरंच आठवलं. शिबिरात मी शिकवलं होतं, शब्द माझेच आहेत, "सगळे गप्प झाले, एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, की समजायचं, आता सुरुवात नेत्यानं करायची."

आणि मनालीनं सुरुवात केली. पुढे झाली, हात जोडले आणि बोलायला लागली.

"गो आई माझे, ही पोरं तुझ्या पायाशी आल्यात. चार दिवस आगगाडीत बसून आल्यात. त्यांच्या बोलीत तुला काय म्हणतात ता मला ठावं नाय. पण त्यांना काय उणं पडू देऊ नको, पाण्यापासनं राख, इचवा-किरडापासनं राख, आणि त्यांच्या आयांकडं त्यांना जशीच्या तशी पोचव."

गावातल्या एकाही माणसानं तोंड उघडलं नाही. आणि त्या शांततेत आमच्या बारा पाहुण्यांनी, शिकवल्याबरहुकूम, जीव तोडून आरोळी दिली, "व्हय म्हाराजा!"

माझ्या गालात सुपारी होती. मी मूळची रत्नागिरी शहरातली असले तरी इतकी वर्षं खेडोपाडी हिंडले होते. तात्या कशासाठी थांबलेत ते मला त्याच क्षणी कळलं होतं. एक शब्द बोलले असते तर निभावलं असतं. मी बोलले नाही, त्याला कारण नुसती सुपारी नव्हती. खरं सांगायचं तर मला त्या पोरीचा अभिमान वाटला. म्हटलं, बघा, याला म्हणतात नेतृत्व.

तात्यांनी टोपी सरळ केली आणि प्रसाद न घेता पायऱ्या उतरून गेले. त्यांच्यामागून बाकीची माणसं एकेक करून निघाली. कुणी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, भांडण मिटवायची आमची पद्धत होती. अर्ध्या तासानं बचत गटातली एक बाई पदर सावरत आली आणि खाली बघत म्हणाली, "ताई, आमच्याकडं अचानक मुंबैची पाव्हणी आली वो, जागा व्हायची नाय." मग दुसरी आली, तिच्या घरी कुणाला ताप भरला होता. सहापैकी पाच घरं अशी गेली. सहावं मनालीचं.

मी पुन्हापुन्हा मुलं मोजत होते. बारा. दर वेळी बाराच.

मनालीची आई, सुवर्णावहिनी, ओटीवर उभ्या होत्या. त्यांना तोपर्यंत सगळं कळलेलं होतं. त्यांनी बारा पिशव्या बघितल्या, एकदा लेकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हात-पाय धुवा, च्या ठेवलाय." त्या संध्याकाळी त्यांनी एकटीनं पंधरा माणसांचा भात आणि कुळथाचं पिठलं केलं. शेजारीण एरवी परातभर भाकऱ्या आणून देणारी. तिच्या घराचं दार लावलेलं होतं.

मुलं पिठल्यावर खूष होती. आरेनलाला मात्र सगळं समजलं होतं. माझ्याबरोबर भांडी विसळताना ती म्हणाली, "आंटी, हमारे गाँव की काउन्सिल में भी लड़की नहीं बोलती. सब को मालूम है. मनाली को मालूम नहीं था?"

"मालूम था," मी म्हटलं.

"फिर उसको किसने बोला?"

मी ताट दोनदा विसळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती रत्नागिरी स्टेशनवरून, आणि परवा गुहागरला माझं नवं शिबिर सुरू व्हायचं होतं. सकाळी आम्ही जीपमध्ये बसलो. मनाली हात हलवत होती, हसत होती. मी तिला म्हटलं, "घाबरू नकोस हं, फोन कर." संस्थेसाठी अहवाल लिहायचा होता. तो जीपमध्येच मनात जुळवायला लागले. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'स्थानिक युवतीने उत्स्फूर्तपणे पुढाकार घेऊन पाहुण्यांचे पारंपरिक स्वागत केले.' वरिष्ठांना ते फार आवडलं.

मनालीचा फोन आला नाही. दहा-बारा दिवसांनी सुवर्णावहिनींचा आला. त्या आधी सुपारीच्या भावाबद्दल बोलल्या, उन्हाबद्दल बोलल्या आणि मग एकदम रडायला लागल्या. वाडीत त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. भाजावळीला, शेत भाजायला, कुणी हाताला येत नव्हतं. मुंबईत नवऱ्याला गावच्या मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपमधून काढलं होतं. आणि शिमगा दोन आठवड्यांवर आला होता.

"ताई, पालखी माझ्या दारात नाय आली, तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. शिमग्यात ग्रामदेवी पालखीत बसून घरोघर जाते. वर्षातून एकदा ती आपल्या घरी येते, आपल्या अंगणात टेकते, घरच्या बायका तिची ओटी भरतात. तेवढ्यासाठी मुंबईकर नोकरीत भांडून रजा काढतात. पालखी एखादं दार टाळून पुढे गेली, तर त्या घराबद्दल गावाला पुढे काही बोलावं लागत नाही. त्या घरी कुणी सोयरीक घेऊन येत नाही, कुणी आजारी पडलं तर खाटेला खांदा मिळत नाही. हे लेखी कुठे नसतं आणि विचारलं तर कुणी कबूल करत नाही.

मी दुसऱ्याच दिवशी गावात गेले, थेट तात्यांकडे. ते खळ्यात बसून काथ्या वळत होते. मला बसायला चटई दिली, पाणी दिलं, गूळ दिला. मी मनात सगळं जुळवून आणलं होतं. म्हटलं, "तात्या, चूक माझी आहे. मी तिला तसं शिकवलं. काय दंड, काय माफी असेल ती मला सांगा."

तात्यांनी काथ्याचा पीळ घट्ट केला. मग म्हणाले, "तुमची कशी चूक हुईल, बाई? तुमी गावच्या नाय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी इतकी परकी होते की मला तिथे गुन्हासुद्धा करता येत नव्हता. त्यांनी मला फाट्यापर्यंत सोडायला नातवाची मोटारसायकल दिली.

गावकीची बैठक रविवारी सकाळी ठरली. मनालीचे वडील, चंदूभाऊ, रजा काढून आले. ठरलं ते असं: मनालीनं देवीपुढे नारळ ठेवायचा आणि 'चुकलं' म्हणायचं. मग गावकार नारळ फोडणार, वाटणार आणि विषय संपणार. मी रत्नागिरीहून पहिल्या गाडीनं गेले. मला आत यायची परवानगी नव्हती, सुवर्णावहिनींनाही नव्हती. आम्ही दोघी देवळाबाहेरच्या चिऱ्यांच्या पारावर बसलो. मनाली नारळ घेऊन आमच्या समोरून गेली. माझ्याकडे बघितलं तिनं, मला वाटतं काहीतरी ऐकायच्या अपेक्षेनं. मला काय सांगावं ते सुचेना. 'माफी माग' म्हणाले असते तर तीन शिबिरं पाण्यात, आणि 'मागू नको' म्हणाले असते तर तिच्या आईच्या दाराचं काय? त्या दिवशी तोंडात काही नसताना मी गप्प बसले.

आत काय झालं ते चंदूभाऊंनी नंतर सांगितलं. मनालीनं नारळ ठेवला आणि म्हणाली, "गाऱ्हाणं घालायचं काम माजं नव्हतं, ता मी घातलं, ता चुकलं." लोकांनी माना हलवल्या. तिनं तिथे थांबायला हवं होतं. पण ती पुढे म्हणाली, "पण त्या पोरांसाठी जा मागितलं, ता मी मागं घेत नाय. ती पोचली घराकडं. सगळी पोचली."

मंडपात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, ही माफी मागते की भांडते? एक म्हातारे म्हणाले, देवीकडे मागून झालेलं मागे घेता येतं तरी का? त्यावर दोन्हीकडून वाद पेटला. तात्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, नारळ उचलला, उपरण्यात गुंडाळला आणि घरी घेऊन गेले. फोडला नाही.

नारळ घेतला, पण फोडला नाही. याचा अर्थ काय, हे गावात कुणालाही सांगता येईना. असं पूर्वी झालेलंच नव्हतं. तात्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

पुढचे आठ-नऊ दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. कुकरला शिट्या किती झाल्या ते आठवायचं नाही. नवरा म्हणायचा, "अगं, तू काय तुझ्या दारात पालखी यायची असल्यासारखी करतेस." नागालँडहून आरेनलाचा एक दिवसाआड मेसेज यायचा, इंग्रजी अक्षरांत, नेहमी तोच: 'आंटी, पालकी आया?' त्यांच्या बारा जणांच्या घरी हे माहीत झालं होतं. तिकडे तिच्या आईनं चर्चमध्ये मनालीच्या घरासाठी प्रार्थना केली होती. मी ते वाचून आणखीनच अस्वस्थ झाले. इतकी माणसं गुंतली होती, आणि करता येण्यासारखं कुणालाच काही नव्हतं.

पालखीच्या दिवशी मी दुपारी मनालीच्या घरी पोचले. अंगण शेणानं सारवलेलं, रांगोळी काढलेली, चौरंग मांडलेला. सुवर्णावहिनींनी नवं लुगडं नेसलं होतं. खण, नारळ, तांदूळ सुपात भरून तयार होते. चंदूभाऊ सारखे गडग्यापर्यंत, अंगणाच्या दगडी कुंपणापर्यंत, जाऊन परत येत होते. मनाली खांबाला टेकून बसली होती. शिबिरात सगळ्यांच्या आधी उठणारी, सतत काहीतरी करणारी ती मुलगी हात मांडीत घेऊन नुसती बसून होती. तीन आठवड्यांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

ढोल आधी वरच्या वाडीत वाजत होते. मग खाली यायला लागले. एकेक घर होत होतं. कुठल्या घरी पालखी आहे ते सुवर्णावहिनींना आवाजावरून कळत होतं. "आता बाबूभावजींकडं," त्या पुटपुटायच्या. "आता पोलिसपाटलांकडं." मग शेजारच्या घरी आली. गडग्यापलीकडे गुलाल दिसत होता, माणसांची डोकी दिसत होती. त्यांची ओटी झाली, गाऱ्हाणं झालं. पालखी उचलली. आणि ढोल थांबले.

रस्ता तिथे दोन वाटांनी फुटतो. एक आमच्या अंगणात येते, दुसरी सरळ खालच्या वाडीत जाते. पालखी खांद्यावर घेऊन पोरं उभी होती आणि सगळी तात्यांकडे बघत होती. सुवर्णावहिनींनी माझं मनगट धरलं होतं, त्यांच्या बांगडीचा वळ नंतर दोन दिवस राहिला. किती वेळ गेला सांगता येत नाही. तात्यांनी कमरेच्या उपरण्यातून नारळ काढला, वाटेच्या तोंडाशी असलेल्या दगडावर फोडला आणि पाणी आमच्या वाटेवर शिंपडलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. ढोल एकदम कानठळ्या बसवत सुरू झाले. पालखी अंगणात नाचली. सुवर्णावहिनींना ओटी भरता येईना, तांदूळ चौरंगावरच सांडत होते, शेवटी शेजारणीनं येऊन त्यांचा हात धरला. तात्यांनी घराचं गाऱ्हाणं घातलं. चंदूभाऊंची नोकरी झाली, गुरंढोरं झाली, आणि शेवटी तात्या आवाज चढवून म्हणाले, "आनी हेच्या लेकीला वायंच शाणपण दी गो आई!" सगळ्या वाडीनं हसत-हसत, पहिल्यापेक्षा दुप्पट मोठ्यानं साथ दिली. मनालीनंही दिली. मी बघितलं, तिचा चेहरा लाल झाला होता, आणि तो नुसता गुलालानं झालेला नव्हता.

पालखी गेल्यावर अंगण रिकामं झालं. ऊन उतरायला लागलं होतं. मी आरेनलाला मेसेज केला, 'आया.' मग ओटीवर बसून रडले थोडी, सुटका झाल्यासारखी. मनाली चौरंग उचलून आत नेत होती. मी तिला म्हटलं, "पोरी, जिंकलीस गं."

तिनं चौरंग खाली ठेवला. "मी कुठं जिंकलेय, ताई? आई वाचली." मग म्हणाली, "तुमची गाडी किती वाजता?"

"आज नाही जात मी," मी म्हटलं. "आज राहते तुमच्याकडे."

ती रागावली नव्हती. शिबिरातल्या संध्याकाळच्या गोलात बोलायची तशी, समोर बघून, सरळ आवाजात बोलली.

"आज राहून काय करणार, ताई? पाव्हणी गेली त्या दिवशी र्‍हायला हवं होतंत."

मी राहिले. तिनं मला अंथरूण घालून दिलं, पाण्याचा तांब्या उशाशी आणून ठेवला. पुढच्या शिबिराच्या यादीत मी तिचं नाव लिहिलं होतं. ती आली नाही.